रायटिंगमध्ये ६ वरच का अडकायला होतं? एका नर्सच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न असा आला आहे (आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, तिचे गुण ० ते ९ अशा बँडमध्ये देतात; एनएमसी ही यूकेत नर्सेसची नोंदणी करणारी संस्था) : "मॅडम, मी सांगली जिल्ह्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.एस्सी. नर्सिंग, आता सात वर्षं आयसीयूत काम करते. यूकेच्या एनएमसी नोंदणीसाठी आयईएलटीएस अकॅडमिक दोनदा दिली. लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग तिन्हींत ७ किंवा ७.५. रायटिंगला दोन्ही वेळा ६. मला ६.५ हवेत. क्लासमधून मिळालेले साचे पाठ आहेत, अवघड शब्दांची यादी पाठ आहे. आता आणखी काय पाठ करू?"

ताई, तुमच्या या शेवटच्या वाक्यातच दुखणं आहे. आणखी काहीही पाठ करू नका. जे पाठ केलंय त्यातलंही निम्मं सोडून द्या. ज्या बाईला रीडिंग आणि लिसनिंगला ७ किंवा ७.५ मिळतात, तिचं इंग्रजी रायटिंगच्या ६.५ ला कमी पडत नाही. मी सोळा वर्षं पुण्यात या परीक्षेची तयारी करून घेते आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत नर्सेस खूप असतात. तुमच्यासारख्या ६ वर अडकलेल्या मुलींचे पेपर वाचले की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. भाषा पुरेशी आहे, पण प्रश्नाला उत्तर दिलेलं नाही.

आधी गुणांचं गणित समजून घ्या, कारण कुठे मेहनत करायची ते त्यावरून ठरतं. रायटिंगमध्ये दोन भाग असतात : टास्क वनमध्ये आलेख वगैरेंचं वर्णन, टास्क टूमध्ये निबंध. दोन्ही चार निकषांवर तपासतात आणि चारही निकषांना सारखं वजन असतं. पहिला, विचारलं त्याचं उत्तर दिलंय का. टास्क टूमध्ये याला टास्क रिस्पॉन्स म्हणतात, टास्क वनमध्ये टास्क अचीव्हमेंट. दुसरा कोहिअरन्स अँड कोहिजन, म्हणजे मुद्द्यांची सुसंगती आणि वाक्यांची गुंफण. तिसरा शब्दसंपदा. चौथा व्याकरण, म्हणजे रचनांची विविधता आणि अचूकता. शिवाय टास्क टूचं वजन टास्क वनच्या दुप्पट. आता बघा : ६.५ साठी चारही निकषांत वर जायची गरज नाही. दोन निकषांत ७ आणि दोनांत ६ राहिले तरी सरासरी ६.५ येते.

मग कोणते दोन उचलायचे? व्याकरणात ७ हवे असतील तर निर्दोष वाक्यं वारंवार दिसायला लागतात. मराठी माध्यमातून आलेल्या माणसाला ती सवय लागायला महिने जातात, कारण 'अ' आणि 'द' आपल्या भाषेत नाहीतच. शब्दसंपदेचंही तसंच, ती वाचनातून हळूहळू मुरते. पण पहिले दोन निकष हे विचार करण्याचे आहेत. तिथे ६ चे ७ करायला नवीन इंग्रजी लागत नाही. आठ आठवड्यांत हे होताना मी अनेकदा पाहिलंय. म्हणून तुमची जवळजवळ सगळी ताकद तिथे लावा.

अडतं कुठे, तर आपल्या शाळेतल्या निबंधात. 'विज्ञान : शाप की वरदान' आपण सगळ्यांनी लिहिलाय. सुरुवातीला एखादं सुभाषित, मग वरदान कसं ते एका परिच्छेदात, शाप कसा ते दुसऱ्यात, आणि शेवटी 'ते वापरणाऱ्याच्या हाती आहे'. बाईंनी दहापैकी आठ दिले आणि आपल्या डोक्यात कायमचं बसलं की चांगला निबंध म्हणजे दोन्ही बाजूंना थोडं थोडं देऊन शेवटी कोणाचंही मन न दुखावता बाहेर पडणं. आयईएलटीएसच्या तपासनिसाला तुमचं मत हवं असतं. कोणतं मत, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. ते स्पष्ट आहे का, पहिल्या परिच्छेदापासून शेवटपर्यंत तेच राहिलंय का आणि त्याला आधार दिलाय का, एवढंच तो बघतो. जाहीर केलेल्या बँडच्या निकषांत ६ ला 'निष्कर्ष अस्पष्ट असू शकतात, काही मुद्दे पुरेसे फुलवलेले नसतात' या अर्थाचं वर्णन आहे, आणि ७ ला 'भूमिका स्पष्ट आणि विकसित केलेली'. शाळेतला आपला निबंध बरोब्बर ६ च्या वर्णनात बसतो.

एक प्रश्न घेऊन बघू. या धर्तीचे प्रश्न येत असतात : 'सरकारने आजारांवरच्या उपचारांपेक्षा आजार टाळण्यावर जास्त पैसा खर्च करावा. तुम्ही कितपत सहमत आहात?' तुमच्या कामातलाच विषय आहे. तरीही माझ्याकडच्या मुलींची पहिली उत्तरं मराठीत सांगायची तर साधारण अशी असतात : 'आजकाल आजार खूप वाढले आहेत. उपचारांपेक्षा प्रतिबंध बरा. सरकारने जनजागृती केली पाहिजे. शिवाय लोकांनी व्यायाम करावा. त्यामुळे देशाची प्रगती होईल.' पाच वाक्यं आणि पाच वेगळे मुद्दे. प्रत्येक मुद्दा दारातून डोकावतो आणि परत जातो. व्याकरण एखादवेळेस अगदी बरोबर असेल, पण यातून काहीच सिद्ध होत नाही.

आता हेच असं लिहा : 'आजार टाळण्यावर केलेला खर्च पुढचा फार मोठा खर्च वाचवतो. उच्च रक्तदाब वेळेत सापडला तर रुग्णाचं रोजच्या एका स्वस्त गोळीवर भागतं. सापडलाच नाही तर काही वर्षांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि मग त्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागतं, बहुधा जन्मभर. गावोगाव रक्तदाब तपासण्याचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे, म्हणून नवीन पैसा आधी तिथे जायला हवा.' मुद्दा एकच आहे, पण तो तळापर्यंत नेलाय. काय म्हणायचंय, का, ते घडतं कसं, आणि त्यावरून प्रश्नाचं उत्तर काय निघतं. यातला एकही शब्द तुम्हाला इंग्रजीत येत नाही असं नाही. तुम्ही तो वॉर्डात रोज वापरता.

दुसऱ्या परिच्छेदात उलट बाजू घ्या, पण तिला आपल्या भूमिकेच्या आत बसवा. सगळे अपघात टाळता येत नाहीत, अनेक कर्करोग कशाने होतात तेही सांगता येत नाही, आणि जो आज खाटेवर आहे त्याला 'आधी काळजी घ्यायला हवी होतीस' असं सांगून चालत नाही. म्हणून भूमिका अशी : चालू उपचारांचा पैसा कापू नये, पण वाढीव पैशाचा मोठा वाटा प्रतिबंधाकडे जावा. ही 'कितपत' या शब्दाला दिलेली नेमकी मर्यादा झाली. 'काही अंशी सहमत' म्हणणं गैर नाही, फक्त कोणत्या अंशी ते सांगावं लागतं. बहुतेक जण तो अंश सांगतच नाहीत.

उदाहरणासाठी पोलिओही घेता येईल. १९९५ पासून देशभर पल्स पोलिओ मोहीम चालली, जानेवारी २०११ नंतर नैसर्गिक विषाणूचा एकही रुग्ण सापडला नाही आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. असं ठोस उदाहरण आठवत असेल तर जरूर द्या. पण आकडे आठवले नाहीत म्हणून अडून बसू नका, आणि 'एका संशोधनानुसार ८५ टक्के लोक…' असलं काही रचू तर मुळीच नका. प्रश्नपत्रिकेतच लिहिलेलं असतं की स्वतःच्या माहितीतलं किंवा अनुभवातलं उदाहरण द्या. सात वर्षं आयसीयूत काढलेल्या माणसाकडे अनुभवाची वाण असेल का?

प्रश्नांचे प्रकार फार नाहीत. सहमत की असहमत. दोन्ही मतांची चर्चा करून आपलं मत द्या. फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का. कारणं किंवा समस्या आणि उपाय. आणि एकाखाली एक दोन सरळ प्रश्न. यात सर्वांत जास्त गुण जातात ते 'दोन्ही मतांची चर्चा करा आणि तुमचं मत द्या' इथे. दोन्ही मतं मनापासून लिहिली जातात आणि स्वतःचं मत शेवटच्या ओळीत पाहुण्यासारखं येतं. तुमचं मत प्रस्तावनेतच एका वाक्यात सांगून टाका. मग जे मत पटत नाही त्याचा परिच्छेद लिहितानाही तुमचा कल वाचणाऱ्याला जाणवत राहतो.

साच्यांबद्दल आता. सुरुवातीची काही वर्षं मीही मुलांना साचे देत असे. प्रस्तावनेची चार वाक्यं ठरलेली, मधे फक्त विषय घालायचा. मुलांना धीर येतो, पालकांना वाटतं बाई काहीतरी देतायत. ते चुकलं, आणि ज्या मुलांचे पैसे आणि महिने त्यात गेले त्यांचं मला आजही वाईट वाटतं. 'हा अत्यंत वादग्रस्त विषय असून त्याला नाण्याप्रमाणे दोन बाजू आहेत' या अर्थाचं वाक्य तपासनिसाने हजारदा वाचलेलं असतं. त्याला ते पाठांतर म्हणून लगेच ओळखू येतं आणि तुमच्या क्षमतेचा पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य. प्रश्नातले शब्द जसेच्या तसे उतरवले तर तेही धरले जात नाहीत. त्यामुळे प्रस्तावना दोनच वाक्यांची ठेवा. प्रश्न काय आहे ते आपल्या शब्दांत, आणि माझं उत्तर काय ते. तीन मिनिटांत आटपा आणि मधल्या परिच्छेदांकडे वळा, गुण तिथे आहेत.

जोडशब्दांचंही तेच. फर्स्टली, मोरओव्हर, फर्दरमोअर, इन अ‍ॅडिशन, प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी एकेक चिकटवला की लिखाण सुसंगत होतं असा समज पसरलाय. ६ च्या वर्णनात नेमकं हेच आहे की जोडणी यांत्रिक वाटते. वाक्य आपोआप मागच्या वाक्याला धरून येत असेल तर जोडशब्द लागत नाही. वरच्या रक्तदाबाच्या परिच्छेदात 'मग' आणि 'म्हणून' असे दोनच आहेत. सोप्या 'धिस' आणि 'सच' या शब्दांनी मागचं वाक्य उचलायला शिका. 'धिस कॉस्ट', 'सच पेशंट्स' अशी सुरुवात झाली की गुंफण झाली.

अवघड शब्दांची यादी फाडून टाका असं मी म्हणेन. सोलापूरकडचा एक लॅब टेक्निशियन माझ्याकडे आला होता. त्याच्या निबंधात 'मेनी' हा शब्द कुठेच नव्हता. सगळीकडे 'प्लेथोरा' आणि 'मिरिअड', आणि दोन्ही चुकीच्या जागी. ७ साठी शब्दांत जे हवं असतं ते म्हणजे कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द बसतो याची जाण. इंग्लिशमध्ये 'रोग होतो', 'आजारातून बरा होतो' हे कसं म्हणतात? 'कॉन्ट्रॅक्ट अ डिसीज', 'डेव्हलप डायबिटीस', 'रिकव्हर फ्रॉम अ‍ॅन इलनेस'. हे शब्द साधे आहेत, जोड्या मात्र नेमक्या आहेत. रीडिंगचे सराव-उतारे तुम्ही सोडवून बाजूला ठेवता ना, तेच परत काढा आणि प्रत्येक उताऱ्यातून अशा पाच जोड्या वहीत उतरवा. एकटा शब्द लिहू नका, शेजाऱ्यासकट लिहा. त्या मुलाला मी एवढंच करायला लावलं होतं.

व्याकरणाकडे येते. तिथे ६ वरून ७ चा हट्ट नको म्हटलं, पण ६ वरून खाली जायलाही नको. मराठी माणसाच्या इंग्रजीतल्या बऱ्याच चुका मराठीतूनच येतात, आणि मूळ कळलं की त्या पटकन पकडता येतात. आपण 'जरी… तरी…' म्हणतो, म्हणून इंग्रजीत 'ऑल्दो… बट…' येतं. इंग्रजीत दोन्हीपैकी एकच. 'पाच वर्षांपासून' म्हणतो, म्हणून 'सिन्स फाइव्ह इयर्स'. कालावधी असेल तर 'फॉर', वर्ष किंवा प्रसंग असेल तर 'सिन्स'. 'माझ्या मते'चं थेट भाषांतर 'अकॉर्डिंग टू मी', जे इंग्रजीत स्वतःबद्दल म्हणत नाहीत. 'इन माय व्ह्यू' म्हणा किंवा सरळ 'आय बिलीव्ह'. आपण एखाद्या गोष्टी'विषयी' चर्चा करतो म्हणून 'डिस्कस अबाउट' होतं. 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही. 'उपकरणं' अनेकवचनी आहेत म्हणून 'इक्विपमेंट्स'. इंग्रजीत इक्विपमेंट, इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस यांना अनेकवचनच नाही, आणि नर्सेसच्या लिखाणात 'इक्विपमेंट्स' हमखास सापडतं. 'वन ऑफ द रीझन' लिहिताना शेवटचा 'स' गळतो, कारण आपल्या डोक्यात 'एक कारण' असतं.

पण माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक स्वल्पविरामाची आहे, आणि ती क्लासमध्ये फारशी शिकवली जात नाही. मराठीत आपण स्वल्पविराम देत देत दोन-तीन पूर्ण वाक्यं एका दमात जोडतो आणि ते चालतं, मी आत्ताच या उत्तरात कितीदा केलंय बघा. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यांमध्ये नुसता स्वल्पविराम चालत नाही. आणि 'हाउएव्हर', 'देअरफोर' हे 'बट' किंवा 'सो'सारखे जोडणारे शब्द नाहीत. त्यांच्या आधी पूर्णविराम लागतो किंवा अर्धविराम. एवढी एक गोष्ट दुरुस्त केली की निर्दोष वाक्यांची संख्या एकदम वाढते, कारण ही चूक एका निबंधात सहा-सात वेळा होत असते.

'द'चा नियम पूर्ण शिकायला बसू नका, वेळ नाही. टास्क टूमध्ये परतपरत येणारी वीसेक नामं घ्या आणि त्यांच्यापुरतं पक्कं करा. 'द गव्हर्नमेंट', 'द एन्व्हायरन्मेंट', 'द इंटरनेट' यांना लागतं. 'सोसायटी', 'एज्युकेशन', 'टेक्नॉलॉजी' सर्वसाधारण अर्थाने आली तर लागत नाही. एवढ्याने निम्म्या चुका जातात.

टास्क वनमधला आलेख बघूनच अनेकींना घाबरायला होतं. गरज नाही, हे काम तुम्ही दर पाळी बदलताना करता. हँडओव्हर देताना तुम्ही चार्टवरचं प्रत्येक रीडिंग वाचून दाखवता का? तुम्ही म्हणता, 'बीपी रात्रभर स्थिर, पहाटे चारला ताप चढला, आता उतरतोय.' मग विचारलं तर आकडे सांगता. टास्क वनमध्ये हेच ओव्हरव्ह्यू. समजा तीन देशांचा तीस वर्षांतला वीजवापर दिलाय. एकाचा सतत वाढला, दुसऱ्याचा थोडा घटला, तिसरा जवळपास जागचा हलला नाही, आणि सुरुवातीला सर्वांत खाली असलेला शेवटी सर्वांत वर गेला. एवढंच दोन वाक्यांत, एकही आकडा न घालता, प्रस्तावनेच्या लगेच खाली लिहा. ओव्हरव्ह्यू नसेल किंवा धूसर असेल तर बाकी सगळं बरोबर असूनही ७ मिळत नाही.

मग तपशील दोन परिच्छेदांत, देशागणिक किंवा काळागणिक नव्हे, तर सारख्या वागणाऱ्या रेषा एकत्र धरून. सगळे आकडे देऊ नका. सुरुवात, शेवट, शिखर, आणि जिथे रेषा एकमेकींना छेदतात ती जागा. आणि कारणं लिहू नका. 'लोकसंख्या वाढल्यामुळे' असं आलेखात लिहिलेलं नसतं, ते तुमच्या डोक्यातून आलं. एक छोटी पण जीवघेणी गोष्ट : '२० ने वाढला' म्हणजे 'बाय ट्वेंटी', '२० पर्यंत वाढला' म्हणजे 'टू ट्वेंटी'. मराठीत आपण 'ने' आणि 'पर्यंत' कधी गोंधळत नाही, म्हणून लिहिताना क्षणभर मनात मराठी प्रत्यय म्हणा आणि मग शब्द निवडा.

इथे एक मतभेदाची गोष्ट सांगते. 'इंग्रजीतच विचार करा' असं सगळीकडे सांगतात. माझं मत वेगळं आहे. भूमिका आणि मुद्दे मराठीत ठरवा. ज्या भाषेत तुम्ही घरी वाद घालता, नातेवाइकांची समजूत काढता, त्याच भाषेत तुमची बुद्धी धारदार असते. घाईत इंग्रजीत विचार करायला गेलं की जी वाक्यं आधीपासून येतात तीच सुचतात, आणि उत्तर पुन्हा 'जनजागृती केली पाहिजे'वर येऊन थांबतं. मुद्दे मराठीत, कच्च्या कागदावर, चार-पाच शब्दांत. वाक्यं मात्र इंग्रजीतच रचा. मराठी वाक्य तयार करून त्याचं भाषांतर करायला लागलात तर जरी-तरी मागोमाग येणारच.

सराव तुमच्या ड्यूटीत कसा बसवायचा? रोज निबंध लिहिणं नाइटच्या आठवड्यात शक्य नाही आणि आवश्यकही नाही. रोज पंधरा मिनिटं एक प्रश्न घ्या आणि फक्त आराखडा करा : भूमिका एका वाक्यात, दोन मुद्दे, प्रत्येकाखाली 'का' आणि 'उदाहरण'. लिहायचं नाही. बसमध्येही होतं. आठ आठवड्यांत पन्नासेक प्रश्न डोळ्यांखालून जातात आणि परीक्षेत मुद्दा सुचत नाही ही भीती निघून जाते. आठवड्यातून दोनदा, सुट्टीच्या दिवशी, घड्याळ लावून पूर्ण पेपर : ६० मिनिटं, दोन्ही टास्क. आणि तिसरी गोष्ट, जी मी कुणालाच सोडू देत नाही : तपासलेला निबंध दोन दिवसांनी पुन्हा लिहायचा. नवा प्रश्न नको, तोच निबंध. दहा नवे निबंध एकेकदा लिहिण्यापेक्षा पाच निबंध दोनदोनदा लिहिणाऱ्यांची प्रगती मला नेहमी जास्त दिसली आहे, कारण पहिल्यात फक्त चूक कळते, दुसऱ्यात ती हाताला सुधारते.

तपासायला कोणी नसेल तर निबंध दोन दिवस बाजूला ठेवा आणि मग मोठ्याने वाचा. प्रत्येक परिच्छेदाशेजारी मराठीत एका ओळीत लिहा की इथे मी काय सिद्ध केलं. ओळ लिहिता आली नाही तर तो परिच्छेद पोकळ आहे. शिवाय जुने पाच निबंध घेऊन चुका मोजा. पन्नास प्रकारच्या चुका कुणाच्याच नसतात. प्रत्येकाच्या तीन-चार ठरलेल्या असतात आणि त्याच पुन्हा पुन्हा होतात. त्या चार वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

परीक्षा संगणकावर देणार असाल तर सरावही टाइप करूनच करा. पडद्यावर शब्द मोजून दिसतात, पण स्पेलिंग कोणी सुधारून देत नाही. म्हणून घरी ज्यात लिहिता तिथला स्पेलचेक आजच बंद करा. ब्रिटिश स्पेलिंग चालतं, अमेरिकन चालतं, मिसळू नका. टास्क टू २५० च्या खाली नको, टास्क वन १५० च्या खाली नको. टास्क टूला २७० ते २९० पुरेत, त्याहून लांब लिहिण्यात फक्त चुका वाढतात. दोन्हींपैकी कोणतंही आधी लिहिता येतं. ज्यांचा टास्क वन वीस मिनिटांत कधीच संपत नाही त्यांना मी टास्क टू आधी लिहायला सांगते, कारण दुप्पट वजनाचा निबंध अर्धवट राहिला तर काहीच भरून निघत नाही.

दोन व्यावहारिक गोष्टी. एनएमसी ठरावीक अटींवर बारा महिन्यांच्या आतल्या दोन परीक्षांचे गुण एकत्र धरते. तुमचे बाकी तीन भाग आधीच ७ किंवा ७.५ असल्याने याचा तुम्हाला उपयोग होऊ शकतो. फॉर्म भरण्याआधी त्या दिवशीचा नियम त्यांच्या संकेतस्थळावर वाचा, कारण हे नियम बदलतात. आणि पुन्हा ६ आले आणि पेपर मनासारखा गेला होता असं खात्रीने वाटलं, तर परीक्षेपासून सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते. गुण बदलले तर फी परत मिळते. तिसरा पर्याय ओईटीचा, म्हणजे आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी असलेल्या इंग्रजीच्या परीक्षेचा. तिथे नर्सला रुग्णाच्या नोंदींवरून १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं असतं आणि एनएमसीला रायटिंगमध्ये सी प्लस हा ग्रेड चालतो. विषय ओळखीचा असतो हे खरं, पण ती परीक्षा बरीच महाग आहे आणि नोंदींतलं काय गाळायचं हे ठरवणं सोपं नाही. तुम्ही ६.५ पासून अर्ध्या बँडवर आहात. मी तुमच्या जागी असते तर आता परीक्षा बदलली नसती.

शेवटची चार मिनिटं लिहू नका, तपासा. औषध देण्याआधी तुम्ही रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग, वेळ असं एकेक करून बघता, सगळं एका नजरेत नाही. इथेही तसंच. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदं : कर्ता एकवचनी असेल तर 'स' आहे का, काळ मधेच बदलला नाही ना. दुसऱ्या फेरीत फक्त 'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' शोधा आणि त्यांच्या आधीचं विरामचिन्ह बघा. तिसऱ्या फेरीत वहीच्या पहिल्या पानावरच्या तुमच्या चार चुका. आणि उठण्याआधी प्रश्नाची शेवटची ओळ पुन्हा वाचून लगेच तुमच्या प्रस्तावनेचं दुसरं वाक्य वाचा. ते त्या ओळीचं उत्तर नसेल तर तेवढं एक वाक्य बदला, एका मिनिटात होतं.